सपाटी कोणाची, घाट कोणाचा?

डिसेंबर १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांचे सैन्य बोरघाट चढून खंडाळ्यास पोहोचले. सोबत रघुनाथराव होते, तोफा होत्या, आणि ओझी वाहणारे बैलच सुमारे एकोणीस हजार होते. घाट चढताना या सैन्यास फारसा अडथळा झाला नाही. दैना सुरू झाली ती घाट संपल्यावर. पुढचा सुमारे आठ मैलांचा टापू ओलांडण्यास त्यांना अकरा दिवस लागले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट, मराठी मुलखाचा ‘इष्टुर फाकडा’, तोफेच्या गोळ्याने ठार झाला. तळेगाव गाठावे, तो गाव जाळून ओस केलेले. माघारीच्या वाटेवर वडगावात सैन्य कोंडले गेले आणि १६ जानेवारीस तहाखेरीज गत्यंतर उरले नाही.

वडगावच्या लढाईची ही हकीगत इतिहासप्रेमी तरुणांना बहुधा पाठ असते. महादजी, नाना, हरिपंत यांची नावेही ठाऊक असतात. तिच्यातील भूगोलाची एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. इंग्रजांना घाटाने अडवले नाही, त्यांचा घात मावळच्या सपाटीने केला. उघडा मुलूख, आडोसा नाही, मागेपुढे आणि दोन्ही अंगांना शत्रू, आणि पुढे सरकण्याचा वेग दिवसाला मैलभरही नाही.

या धाग्याचा विषय लढाई नसून त्याच रस्त्यावरची सायकल शर्यत आहे, आणि त्यातही स्त्रियांची शर्यत. लढाईची आठवण अशासाठी, की ‘घाट म्हणजे पराक्रम आणि सपाटी म्हणजे सोय’ हे समीकरण जितके सर्वमान्य आहे तितकेच ते कच्चे आहे. आणि याच कच्च्या समीकरणाच्या आधारे जगभर सुमारे शंभर वर्षे स्त्रियांच्या शर्यतींची अंतरे आणि मार्ग ठरवले गेले.

प्रथम रस्ता पाहू. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरची उभी चढण आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, पुणे सुमारे ५६० मीटरवर, आणि दोहोंमधले अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. म्हणजे लोणावळा सोडल्यावर रस्ता सरासरी किलोमीटरमागे जेमतेम एक मीटर उतरतो. मध्ये कामशेतच्या खिंडीसारखे उंचवटे आहेत, पण ते वगळले तर वळवण, कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड हा सारा पट्टा इंद्रायणीच्या खोऱ्याचा आहे. दोन्ही बाजूंना भातखाचरे, दक्षिणेस लोहगड आणि विसापूर. द्रुतगती मार्गावर सायकलींना प्रवेश नसल्यामुळे सायकलस्वारांसाठी जुना मुंबई–पुणे रस्ता हाच खरा रस्ता उरला आहे.

मुंबई–पुणे सायकल शर्यत याच रस्त्याने प्रसिद्धीस आली. ती पाहिलेल्या पिढीस विचारले, तर पुण्यात पहिला कोण आला हे कदाचित आठवणार नाही, पण बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळत असे, हे हमखास आठवेल. किताब सुंदर आहे. त्यात मराठी मनाचे डोंगरावरचे सारे प्रेम उतरले आहे. मात्र या नावातच पुरुष गृहीत धरलेला आहे, आणि घाटमाथ्यानंतरचे साठ किलोमीटर, जिथे शर्यतीचा निकाल प्रत्यक्षात लागतो, ते या किताबाच्या हिशोबातच नाहीत. घाट राजाचा आणि सपाटी उरलेल्यांची, अशी वाटणी मनात होऊन बसते.

ही वाटणी आली कोठून? मावळातून नव्हे, हे निश्चित. ती युरोपातून, सायकलीसोबतच आयात झाली.

सायकल युरोपात लोकप्रिय झाली त्या १८९० च्या दशकात तेथील काही डॉक्टरांनी स्त्रियांच्या सायकल चालवण्यास वैद्यकीय आक्षेप घेतले. गर्भाशयास इजा होते, मज्जातंतू थकतात, इतकेच काय, सायकल चालवून चेहरा कायमचा ताणला जातो आणि डोळे बटबटीत होतात, असेही छापून आले. या शेवटच्या आजारास स्वतंत्र नावही देण्यात आले होते. आज हे वाचून हसू येते. पण हसताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: आक्षेप गेले, तरी त्यांच्यावर बेतलेली अंतरे राहिली. चेहऱ्याचा आजार पाठ्यपुस्तकांतून पुसला गेला, आणि ‘स्त्रियांना झेपेल एवढेच’ हे कलम नियमावल्यांत शिल्लक राहिले.

१९२४ साली इटलीच्या राष्ट्रीय फेरीत, जिरो द’इतालियात, अल्फोन्सिना स्त्रादा ही स्त्री उतरली. यादीत तिचे नाव ‘अल्फोन्सिन’ असे आले होते. इटालियन भाषेत शेवटचा ‘आ’ गळला की नाव स्त्रीचे राहत नाही. मार्ग साडेतीन हजार किलोमीटरांहून लांब, रस्ते कच्चे, आणि त्यात डोंगर. एका टप्प्यात वादळी पावसात पडून तिच्या सायकलीचे हँडल मोडले. तिथे झाडूचा दांडा बसवून ती पुढे गेली, पण वेळेची मर्यादा हुकली. आयोजकांनी तिला क्रमवारीबाहेर ठेवून पुढे चालवण्याची मुभा दिली आणि ती मिलानपर्यंत पोहोचली. त्या वर्षी निघालेल्या नव्वद स्पर्धकांपैकी केवळ तीस जणांनी फेरी पूर्ण केली होती. पुढच्या वर्षांत तिला पुन्हा प्रवेश मिळाला नाही.

तिने सिद्ध करायचे ते केले होते. उपयोग काय झाला? स्त्रियांच्या जागतिक अजिंक्यपद रस्ता शर्यतीस १९५८ साल उजाडावे लागले. फ्रान्समधील रँस येथे झालेली ती पहिली शर्यत लक्झेम्बर्गच्या एल्सी जेकब्सने जिंकली. ऑलिंपिकला त्याहून उशीर झाला. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुष अथेन्स ते मॅरेथॉन आणि परत असे ८७ किलोमीटर धावले होते. स्त्रियांची पहिली ऑलिंपिक रस्ता शर्यत १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे झाली आणि तिचे अंतर होते ७९.२ किलोमीटर. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षे थांबून स्त्रियांना जे मिळाले ते पुरुषांच्या पहिल्या शर्यतीपेक्षाही आठ किलोमीटरांनी कमी होते. त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी, त्याच वर्तुळाच्या पुरुषांना बारा फेऱ्या होत्या आणि स्त्रियांना पाच. (त्या पाच फेऱ्यांचा शेवट असा झाला, की कॉनी कार्पेंटरने रिबेका ट्विगला अर्ध्या चाकाने मागे टाकले. शर्यत कमी अंतराची होती म्हणून ती कमी दर्जाची होती, असे कोणी म्हणू नये.)

सर्वांत बोलके उदाहरण मात्र अलीकडचे आहे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा मार्ग २३४ किलोमीटरांचा होता. त्यात फुजी पर्वताच्या पायथ्याची चढण आणि मिकुनी खिंड होती. स्त्रियांच्या १३७ किलोमीटरांच्या मार्गातून हे दोन्ही चढ काढून टाकण्यात आले. फुजी दिसेल, पण फुजी चढायचा नाही. खोपोलीचा घाट वगळून लोणावळ्यापासून शर्यत सुरू करावी, तसाच हा प्रकार.

पुढे जे घडले ते या विषयातील कोणाही अभ्यासकाने विसरू नये. ऑस्ट्रियाची आना किजेनहोफर, गणितात डॉक्टरेट मिळवलेली आणि त्या वेळी कोणत्याही व्यावसायिक संघात नसलेली, शर्यत सुरू होताच पुढे निसटली. तिच्यासोबत निसटलेल्या एकेक करून मागे पडल्या. मागच्या मोठ्या जथ्यात जगातील सर्वोत्तम सायकलपटू होत्या, पण ऑलिंपिकमध्ये कानातले रेडिओ चालत नाहीत, आणि कोणीतरी अजून पुढे आहे हेच अनेकींच्या लक्षात राहिले नाही. नेदरलँड्सची आनेमीक फान फ्लॉयटेन हात उंचावत आली, आपण जिंकलो असे समजून. किजेनहोफर तिच्या सव्वा मिनिट आधी येऊन गेली होती. मोठे चढ काढून मार्ग ‘सोपा’ केला, आणि त्याच सोप्या मार्गावर त्या ऑलिंपिकमधील सर्वांत चतुर शर्यत झाली.

येथे थोडे थांबून सपाटीवरची शर्यत म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. ज्यांनी सायकल केवळ शाळा-महाविद्यालयात जाण्यासाठी चालवली, त्यांना सपाट रस्ता म्हणजे विश्रांती वाटतो. शर्यतीत तसे नसते.

चढावर सायकलस्वार गुरुत्वाकर्षणाशी झगडतो. तिथे प्रश्न साधा असतो: शरीराच्या प्रत्येक किलोमागे पायांत किती ताकद आहे? ज्याची जास्त, तो पुढे. सपाटीवर झगडा हवेशी असतो. ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाला लावलेल्या ताकदीचा बहुतांश हिस्सा केवळ समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होतो. पुढच्या सायकलीच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून राहिले, तर या खर्चात साधारण पाव ते एक तृतीयांश बचत होते. म्हणून सपाटीवर एकटी निघून जाणारी व्यक्ती बहुधा पकडली जाते, आणि म्हणूनच सपाटीवरची शर्यत डोक्याने खेळावी लागते. कोणाच्या मागे राहायचे, पुढे येऊन वारा अंगावर घेण्याची पाळी कोणी आणि किती वेळ घ्यायची, कोणाचे निसटणे खरे आणि कोणाचे हूल देण्यापुरते, हे हिशोब चार-चार तास चालू असतात.

वारा कडेने आला की खेळ आणखी निर्दय होतो. तेव्हा आडोसा थेट मागे न मिळता तिरका मिळतो. सायकलस्वार रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी रांग धरतात. रस्त्याची रुंदी संपली की रांग संपते. जिला रांगेत जागा मिळाली नाही ती डांबराच्या अगदी कडेवर, आडोशाविना, पूर्ण वारा खात राहते आणि काही मिनिटांतच तुटते. इंद्रायणीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांच्या पाठीशी असतो आणि लोणावळ्याकडे येणाऱ्यांच्या छातीवर. जुना रस्ता वळतो तिथे तोच वारा कडेचा होतो. लोहगड-विसापूरच्या पायथ्याच्या मोकळ्या खाचरांत त्याला अडवायला झाडही नसते. १७७९ च्या जानेवारीत याच मोकळीकीने इंग्रजी फौजेचे काय केले, ते वर आलेच आहे. रांगेत जागा न मिळालेल्या तुकडीची गत तेव्हाही फार वेगळी झाली नव्हती.

आणि मग शेवटचे तीन किलोमीटर. इथे संघातील सोबतिणी आपल्या धावपटूसाठी एकामागून एक वारा फोडत जातात, प्रत्येक जण काही शे मीटर जीव तोडून पुढे ओढते आणि बाजूला होते. अखेरच्या दोनशे मीटरांत उरते ती एकटी. त्या वेगात कोपराला कोपर लागतो, चाक चाकाला घासते, आणि पडली तर एकटी पडत नाही. यास ‘सोय’ म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ तपासावा लागेल.

उत्तर फ्रान्समधील पॅरिस–रूबे ही शर्यत जवळजवळ पूर्ण सपाट आहे. तिचा रस्ता ओबडधोबड दगडी फरसबंदीचा आहे. तिला ‘उत्तरेचा नरक’ म्हणतात, ते मात्र पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेल्या तिथल्या मुलखाच्या वर्णनावरून. पुरुषांची ही शर्यत १८९६ पासून चालू आहे. स्त्रियांना ती प्रथम २०२१ मध्ये मिळाली. ब्रिटनची लिझी डाइगनन ऐंशीहून अधिक किलोमीटर एकटी पुढे राहून जिंकली, तेव्हा तिच्या हँडलवरची पट्टी तळव्यांच्या रक्ताने माखलेली होती. स्त्रियांना सपाटी ‘दिली’ जाते, हा समजही येथे अर्धाच खरा ठरतो. सपाटी कठीण असेल तर तीही दिली जात नव्हती. सव्वाशे वर्षे दिली नाही.

एकटीने वारा फोडण्याची गोष्ट निघाली आहे तर यॉर्कशायरच्या बेरिल बर्टनचे नाव टाळता येत नाही. सप्टेंबर १९६७ मध्ये बारा तासांच्या वेळ-शर्यतीत ती २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर, धावली. वेळ-शर्यतीत प्रत्येक जण ठरावीक अंतराने सुटतो आणि कोणाच्या मागे आडोसा घेण्यास बंदी असते. त्या दिवशी माइक मॅकनमारा पुरुषांचा विक्रम मोडत होता, आणि बर्टनने मागून येऊन त्यालाच गाठले. ओलांडताना तिने खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याला देऊ केली आणि त्याने ती घेतली. स्त्रीने केलेला विक्रम पुरुषांच्या विक्रमाहून मोठा, अशी स्थिती पुढे दोन वर्षे टिकली. गंमत म्हणजे या काळात ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी सायकलिंगचा एकही प्रकार नव्हता. बर्टन सात वेळा जगज्जेती झाली आणि ऑलिंपिकला एकदाही जाऊ शकली नाही.

आता एक मुद्दा, जो फारसा मांडला जात नाही. ‘स्त्रियांचे शरीर हलके, म्हणून त्यांना सपाट मार्ग’ हा युक्तिवाद भौतिकशास्त्राच्या दृष्टीने उलटा आहे. हलक्या शरीराला घाट सोयीचा असतो, कारण वर वाहून नेण्याचे ओझे कमी असते. सपाटीवर एकूण ताकद महत्त्वाची, म्हणून तिथे थोराड, बलदंड सायकलपटू वरचढ ठरतात. पुरुषांच्या शर्यतीतही डोंगरांचे राजे बहुधा सडपातळ असतात आणि सपाटीवरचे वेगवान धावपटू मांसल. तेव्हा केवळ शरीराच्या काळजीपोटी मार्ग आखायचा असता, तर एखाद्या हलक्या, चिवट मुलीसाठी खोपोली–खंडाळा हाच न्याय्य मार्ग ठरला असता. तो तिच्यासाठी वगळला जातो, याचे कारण शरीर नाही. घाट हा मान आहे, आणि मान कोणाला द्यायचा हे आधीच ठरलेले असते.

डोंगर स्त्रियांना झेपत नाहीत, या समजाचा निकालही अलीकडे लागला आहे. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये स्त्रियांची पाच दिवसांची फेरी झाली, ती आयल ऑफ मॅनच्या मिली रॉबिन्सनने जिंकली, आणि दुसऱ्या वर्षी ती झालीच नाही. १९८४ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ची स्त्रियांची आवृत्ती सुरू झाली आणि काही वर्षांत बंद पडली. २०२२ मध्ये ती नव्याने उभी राहिली. २०२४ मध्ये सुमारे ९५० किलोमीटरांनंतर तिचा शेवट आल्प-द्युएझच्या माथ्यावर झाला, तेव्हा पोलंडच्या काशिया नेव्हिआडोमाने एकूण क्रमवारीत चार सेकंदांनी विजय मिळवला. चार सेकंद. पुरुषांच्या फेरीच्या दीर्घ इतिहासात इतके कमी अंतर कधीच नव्हते. तिथला विक्रम १९८९ चा, आठ सेकंदांचा.

मावळाकडे परत येताना बोरघाटाचा आणखी एक इतिहास आठवायला हवा. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या घाटात लोहमार्गाचे काम सुरू झाले. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे येथे राबत होती आणि त्यांत पाट्या वाहणाऱ्या स्त्रियाही होत्या. साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी मेलेल्यांची गणती धडपणे कोणी ठेवली नाही. पहिल्या कंत्राटदाराचे काम काढून घेतल्यावर ते सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे आले. १८५९ साली ते येथे उतरले आणि काही आठवड्यांतच मरण पावले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष देखरेख देऊन तिने ते पुढे चालवले, आणि १८६३ मध्ये पंचवीस बोगद्यांचा हा मार्ग खुला झाला. घाट फोडताना बाईच्या डोक्यावर पाटी चालली आणि कंत्राटावर बाईची सही चालली. तोच घाट सायकलीवरून चढायची वेळ आली की तिच्या प्रकृतीची चिंता सुरू होते, ही विसंगती कोणाच्या लक्षात कशी येत नाही, हे नवलच आहे.

तळेगाव म्हटले की उमाबाई दाभाडे यांचे नाव निघते, आणि निघायलाच हवे. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या या पत्नीने वैधव्यात, पुत्र त्र्यंबकराव डभोईच्या लढाईत पडल्यानंतर, अहमदाबादेवर स्वतः फौज नेली. परंतु क्रीडा समारंभांतील भाषणांत उमाबाई आणि ताराराणी यांची नावे ज्या सहजतेने घेतली जातात, ती थोडी संशयास्पद आहे. व्यासपीठावर रणरागिणी आणि मार्गपत्रिकेवर निम्मे अंतर, हे एकाच कार्यक्रमात नांदू शकते. पूर्वजांचा गौरव फुकट असतो. रस्ता बंद ठेवायला मात्र पोलीस, रुग्णवाहिका आणि पैसे लागतात.

हा प्रश्न आज ताजा आहे, कारण १९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. एकूण अंतर ४३७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या वर्गवारीत तिचा दर्जा २.२, म्हणजे अनेक टप्प्यांची, दुसऱ्या श्रेणीची शर्यत. तिचा एक टप्पा मुळशी–मावळ भागातून गेला. त्यासाठी रस्ते नव्याने डांबरले गेले, खड्डे बुजले, गावोगावी लोक कडेला उभे राहिले. जिल्ह्याच्या क्रीडा इतिहासात या घटनेस मोठे स्थान मिळेल आणि ते योग्यच आहे. ही शर्यत पुरुष गटाची होती.

यावर ठरलेले उत्तर असे, की स्त्रियांची शर्यत घ्यावी एवढ्या सायकलपटू आहेत कोठे? हे उत्तर गांभीर्याने घ्यायला हवे, कारण ते पूर्ण खोटे नाही. देशात आंतरराष्ट्रीय दर्जाच्या रस्ता शर्यती करणाऱ्या मुली मोजक्या आहेत. चांगली सायकल महाग असते, सराव रहदारीच्या रस्त्यावर करावा लागतो, आणि पहाटेच्या अंधारात एकट्या मुलीला देहूरोड ते लोणावळा सायकल दामटू देण्यास घरचे धजावत नाहीत. या अडचणी आयोजकांनी निर्माण केलेल्या नाहीत.

पण संख्या आधी की शर्यत आधी, या वादात इतिहासाची साक्ष एकाच बाजूने आहे. १९८४ मध्ये ऑलिंपिक शर्यत आली, त्यानंतर देशोदेशीच्या संघटनांनी स्त्रियांचे संघ बांधले. बेल्जियममधील ‘तूर ऑफ फ्लँडर्स’ने २००४ मध्ये स्त्रियांची शर्यत सुरू केली, तेव्हा स्त्रियांचे व्यावसायिक सायकलिंग जेमतेम तग धरून होते. शर्यत जिथे होते तिथे मुली येतात. महाराष्ट्रात तर पायाही अगदीच रिकामा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे हिने खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली. संगमनेरच्या प्रणिता सोमणने डोंगरी सायकलिंगमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये अवघ्या विशीच्या उंबरठ्यावर सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. मानव विकास कार्यक्रमातून राज्य शासन ग्रामीण विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली देते. शाळेपर्यंतचा रस्ता आहे, पृथ्वीप्रदक्षिणेचाही आहे. मधला, शर्यतीचा रस्ता तेवढा नाही.

खर्चाचे उत्तरही तपासून पाहावे. रस्ता शर्यतीत सर्वांत मोठी अडचण असते रस्ता बंद करण्याची: फाट्याफाट्यावर पोलीस, वळवलेली वाहतूक, अडलेल्या एसटी, रुग्णालयांशी समन्वय. ही सारी व्यवस्था एकदा लावली की तिच्यावर दुसरी शर्यत धावू शकते. फ्लँडर्समध्ये हेच केले जाते. दोन्ही शर्यती एकाच दिवशी, बऱ्याच अंशी त्याच चढांवरून होतात, आणि कडेला उभे असलेले लोक दोन्ही पाहतात. मावळात सकाळी रस्ता रिकामा करून पुरुषांचा जथा येईपर्यंत जो वेळ कडेच्या गर्दीस ताटकळत काढावा लागतो, त्या वेळात स्त्रियांची शर्यत होऊन जाईल.

मात्र ती कशी असावी, याबाबत एक आग्रह धरायला हवा. ‘महिला गट, लोणावळ्यापासून पुढे, वीस किलोमीटर, सपाट’ असा तुकडा कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी जोडून प्रश्न सुटणार नाही. सपाट शर्यत घ्यायची असेल तर ती सपाटीला शोभेल अशी घ्यावी. जागतिक पातळीवर स्त्रियांच्या एकदिवसीय शर्यतींची मर्यादा साधारण १६० किलोमीटर आहे. लोणावळा–देहूरोड–लोणावळा अशा दोन फेऱ्यांतही ती मर्यादा ओलांडणार नाही. सुमारे दीडशे किलोमीटर, वारा एकदा पाठीशी आणि एकदा छातीवर, कामशेतची खिंड प्रत्येक फेरीत दोनदा, आणि शेवट लोणावळ्याच्या बाजारात. अशा शर्यतीत केवळ ताकद पुरणार नाही. तिथे संघ लागेल, डाव लागेल.

आणि ज्या वर्षी शर्यत खोपोलीतून सुटेल, त्या वर्षी ती दोन्ही गटांसाठी खोपोलीतूनच सुटावी. घाट चढून आल्यावर किताब कोणत्या नावाने द्यायचा, याची चिंता भाषा करीलच. मराठीला ‘राणी’ हा शब्द नवा नाही.

वडगावात महादजींचा पुतळा आणि लढाईचे स्मारक आहे. इष्टुर फाकड्याची समाधीही तेथेच आहे, आणि शत्रू असूनही लोक तिला मान देतात. तळेगावकडून लोणावळ्याकडे निघालेल्या शर्यतीस हे ठिकाण सुरुवातीलाच लागेल. त्यानंतर कान्हे फाटा, मग कामशेत, आणि पश्चिमेचा वारा असेल तर तो तिथून पुढे कार्ल्यापर्यंत समोरून येईल.